बेअरिंगवाल्या बेबीताई

बेबीताईंच्या दुकानात कोणी बेअरिंग मागायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "चालवते कोन?"

गिऱ्हाईक गोंधळून इंजिनाचं नाव सांगे, मॉडेल सांगे, फडक्यात गुंडाळून आणलेला जुन्या बेअरिंगचा तुकडा काचेच्या कपाटावर ठेवी. ताई त्या तुकड्याकडे बघत नसत. ते मग पाहू, म्हणत. मालक स्वतः ट्रॅक्टर चालवत असेल तर सकाळी चालू केल्यावर किती वेळ उभा ठेवतो, हे विचारत. पोरगा चालवत असेल तर त्याचं लग्न झालं आहे का. ड्रायव्हर असेल तर तो टिकतो की दर दिवाळीला बदलतो. इतकी चौकशी पोरगी देतानाही कोणी करत नाही, असं एकदा बाळापूरकडचा एक शेतकरी वैतागून म्हणाला. ताई म्हणाल्या, "पोरगी मायेरी परत येऊ शकते बाप्पा. फिट केलेलं बेअरिंग मी परत घेत नाही."

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. त्यात ‘धार्मिक व मनमिळाऊ’ असं छापलं होतं. धार्मिक त्या होत्या, ते पुढे सांगतोच. मनमिळाऊ हा शब्द मात्र अकोल्याच्या मोटार-सामानाच्या गल्लीत मोठ्यानं वाचला गेला आणि लोक भर दुःखात हसले. त्या गल्लीत ताईंनी ज्याचा अपमान केला नाही असा माणूस शोधून सापडला नसता. तरीही त्या दिवशी सगळी दुकानं बंद होती.

ज्यांचा इंजिनाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या पोटात एक जाड, ठिकठिकाणी वाकवलेला लोखंडी दांडा फिरत असतो, तो शाफ्ट. तो ज्यांच्या आधारानं फिरतो ती बेअरिंगं. रुंद बांगडीचे दोन तुकडे करावेत तशी ती दिसतात. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा केसाएवढा थर असतो आणि सगळ्या इंजिनाचा भार त्या थरावर असतो. तेल कमी पडलं की बेअरिंग शाफ्टला चिकटतं, इंजिन जाम होतं, आणि मालक मिस्त्रीच्या नावानं शिव्या द्यायला लागतो.

मी ही माहिती अमरावतीच्या कॉलेजात शिकलो. आमच्या घराण्यातला पदवी घेतलेला मी पहिला. बाबा मूर्तिजापूरच्या बाजारात वांगी-मेथी विकत आणि पदवीचा कागद आला त्या दिवशी त्यांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना कोथिंबीर फुकट दिली होती. त्यानंतर नोकरी काही आली नाही. मी अर्ज करत राहिलो आणि शेवटी सर्टिफिकेटांची फाईल घेऊन अकोल्याच्या या दुकानात काउंटरवर उभं राहण्याचं काम मागायला गेलो. ताईंनी फाईल उघडली नाही. बेअरिंगचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला आणि हे काय आहे ते सांग म्हणाल्या. मी तांबं, शिसं, वरचा मऊ मुलामा, पाठीचं पोलाद असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "खरं असन," म्हणाल्या आणि मग घरी कोण कोण आहे, जेवण कुठं करतो, रागावलो की काय करतो, हे विचारलं. मी रागावलो की गप्प बसतो, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग जमते. बोलाले मी हावो."

त्या दिवसापासून माझं नाव इंजेनर पडलं. त्यात टिंगल होती, पण एखाद्या गिऱ्हाइकानं त्याच नावावरून माझी टिंगल केली की त्याला माल मिळायला उशीर होई.

ताईंचं माहेर अमरावतीजवळचं, फुलमळेवाल्यांचं. लहानपणापासून झेंडू आणि शेवंतीचे हारे घेऊन त्या बाजारात बसत. माणूस ओळखायची विद्या तिथली, असं त्या सांगत. समोरून येणाऱ्याला फुलं लग्नाला पाहिजेत की मयताला, हे त्याच्या चालीवरून समजे. "मयतवाला भाव करत नाही, आन् लग्नवाला देठ मोजते." लग्न होऊन अकोल्याला आल्या तेव्हा सासरचं दुकान बेअरिंग-पिस्टनचं होतं. नवरा असेपर्यंत त्या घरात होत्या. तो अचानक गेला. त्याचे दिवस झाल्यावर घरच्यांना वाटलं, आता धाकटा दीर श्यामभाऊ दुकान बघेल. दुसऱ्या दिवशी श्यामभाऊ दुकानात आला तर वहिनी गल्ल्यावर. गल्ला म्हणजे एक बुटकं लाकडी टेबल, त्याला कुलपाचा खण, मागं गादी घातलेली खुर्ची. त्या खुर्चीवरून त्या पुढं कित्येक वर्षं उठल्या नाहीत.

एवढा हट्ट कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सरळ उत्तर दिलं. "घरात बाई कुटीबी बसली तं कोनी ना कोनी उठवतेच. चहा टाक, दार उघड, पानी दे. इथं मले कोनी ऊठ म्हनत नाही." आमच्या भागात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. त्या बोलण्यात एक ऐट असते, आणि ताईंच्या तोंडी ती जरा जास्तच शोभे.

श्यामभाऊ वाईट माणूस नव्हता. जिनिंगवाल्यांना आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांना माल पोचवायचं बाहेरचं काम तो सांभाळे. पण गिऱ्हाईक दुकानात शिरताना हसत आणि बाहेर पडताना घाम पुसत येतं, हे त्याला बघवत नसे. मागेल ते सामान द्यावं, शिकवण्या कशाला घ्याव्यात, हे त्याचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीनं ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

अशात विलासभाऊ आले.

आमच्याकडे संक्रांतीनंतर शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात पटाच्या दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर ट्रॅक्टरची ओढ लावायची पद्धत सुरू झाली होती. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ करून साखळीनं बांधायचे आणि कोण कोणाला ओढून नेतो ते बघायचं. विलासभाऊ तिथले चांगले शेतकरी, अंगानं दांडगे, गळ्यात चेन. आदल्या वर्षी एका किरकोळ दिसणाऱ्या ट्रॅक्टरनं त्यांना पार मांडवापर्यंत उलटं ओढत नेलं होतं आणि मांडवात त्यांची सासुरवाडी बसलेली होती. सासऱ्यानं फक्त पाय वर घेतले, हे विलासभाऊ स्वतःच सांगत आणि सांगताना त्यांचा चेहरा लाल होई. म्हणून त्यांनी ट्रॅक्टरला टर्बो बसवला, पंपाचं डिझेल वाढवलं, ताकद जवळजवळ दुप्पट केली. घरच्या शेतातच जोर काढून पाहिला तेव्हा जुनी बेअरिंगं चपटी झाली. आता इंजिन हमीदभाई मिस्त्रींच्या गॅरेजात उघडं पडलं होतं आणि विलासभाऊ मोबाईलमध्ये परदेशी शर्यतीच्या गाडीचा व्हिडिओ घेऊन आमच्या काउंटरवर. त्यांना त्या व्हिडिओतली काळ्या मुलाम्याची, सगळ्यात कडक बेअरिंगं हवी होती. मुंबईहून मागवा म्हणाले.

श्यामभाऊ फोन काढायलाच लागला होता. ताईंनी विचारलं, चालवते कोण.

विलासभाऊ म्हणाले, मीच. ताईंनी दहा प्रश्न फिरवून विचारले तेव्हा निघालं की ओढीपुरते तेच बसतात, पण वर्षभर नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी सगळं धाकटा भाऊ करतो. धाकट्याला सकाळी उठायला उशीर होतो आणि म्हणून तो थंड इंजिन चालू केल्या केल्या रेस देतो. हवेच्या फिल्टरला भेग आहे. आणि तो फिल्टर उन्हाळ्यात काळ्या मातीच्या धुरळ्यात काय काय गिळतो ते कोणी पाहिलेलं नाही.

मग माझी पाळी आली. मी सांगितलं की कडक बेअरिंग भार चांगला पेलतं, पण धुळीचा कण आला तर तो त्यात रुतत नाही. तो शाफ्टला ओरबाडत राहतो. साधं बेअरिंग मऊ असतं, धूळ पोटात घेतं, पण एवढ्या ताकदीखाली चेपून जातं. विलासभाऊंचं इंजिन वर्षातला एक दिवस शर्यतीचं आणि बाकी सगळे दिवस शेतीचं. म्हणून तीन थरांचं घ्यावं, मधला तांब्या-शिशाचा थर भार घेईल, वरचा पातळ मऊ थर कचरा घेईल. शाफ्टशी फट किंचित जास्त ठेवावी, तेल जरा जाड घालावं. मी हे मनापासून सांगत होतो. विलासभाऊ माझ्याकडे बघत होते, पण त्यांचा अंगठा मोबाईलवर फिरत होता.

ताईंनी त्यांच्या हातातला मोबाईल घेऊन काचेवर पालथा ठेवला.

"भाऊ, शाफ्ट म्हंजे घरातला म्हातारा. त्याले ओरखडा आला का सारं घर दवाखान्यात. आन् बेअरिंग म्हंजे सून. कचरा येईन तो पोटात घालते, वरून मार खाते, म्हाताऱ्याले जपते. कडक सून आनली तं म्हातारा मरते. निरी मऊच आनली तं सून मरते. हा पोट्टा सांगून राहिला ते मधली हाय. घ्या आन् गुमान जा."

श्यामभाऊ हे मागून ऐकत होता. सून हा शब्द त्याला लागला असावा. तो म्हणाला, वहिनी, गिऱ्हाइकाच्या मनात जे आहे ते देत जा, एखाद दिवस तुमच्या पसंतीचं बेअरिंग गेलं तर कोणत्या तोंडानं बसाल इथं. तो हे नेहमीच्या कुरकुरीतच म्हणाला होता. पण विलासभाऊ होते, हमीदभाई होते, शेजारच्या दुकानातले दोघे चहा पीत उभे होते. ताई त्याच्याकडे वळल्या.

"या टॅक्टरचं बेअरिंग ओढीत गेलं, तं मी गल्ल्यावरून उठतो. मंग बसा तुमी."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला समजलं. ट्रॅक्टरपेक्षा आता लोकांना खुर्चीत जास्त रस होता.

विलासभाऊंनी तीन थरांची बेअरिंगं घेतली, पण ताईंनी एक शपथ घालूनच ती दिली. ट्रॅक्टर चालू केला की एक कप चहा पिऊन होईपर्यंत रेस द्यायची नाही. चहा गरम पाहिजे, बशीत ओतायचा नाही. विलासभाऊंनी बेअरिंगांवर हात ठेवून कबूल केलं.

मोठ्या कामाला ताई स्वतः गॅरेजात जात. माहेरून आलेला झेंडू, हळद, आणि कुंकवात ओल्या केलेल्या अक्षता घेऊन. उघडलेलं इंजिन पुन्हा जोडण्याआधी शाफ्टची पूजा, हा त्यांचा नेम होता. मालकांनाही ते आवडे. हमीदभाईंनी शाफ्ट घासून आणला होता, हवेच्या नळीनं त्यातली तेल जायची भोकं साफ केली होती, मेणाच्या बारीक धाग्यानं फट मोजून माझ्याकडून पडताळून घेतली होती. मग विडी विझवून ते बाजूला उभे राहिले. शाफ्ट टेबलावर स्वच्छ कपड्यावर आडवा होता. ताईंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि अक्षता टाकल्या. चांगल्या मूठभर टाकल्या. खुर्ची पणाला लागलेली बाई जेवढ्या टाकील तेवढ्या. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला, हमीदभाईंनीही हात जोडले. नंतर त्यांनी शाफ्ट पुसला, तेल लावलं आणि बसवला.

ओढीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. भर दुपारी मैदानावर विलासभाऊंनी ट्रॅक्टर चालू केला आणि खाली उतरून सगळ्या पटासमोर उभ्यानं चहा प्यायला. शिट्ट्या वाजल्या. प्रतिस्पर्ध्यानं माईकवाल्याकडून विचारलं की बिस्किटं पाठवू का. विलासभाऊंनी कप निवांत रिकामा केला, बशी न वापरता. पहिल्या ओढीत त्यांनी समोरच्याला असं फरफटत नेलं की सासुरवाडीच्या मांडवातून फेटे उडाले.

दुसरी ओढ त्याच जुन्या वैऱ्याशी होती. साखळी ताणली, दोन्ही ट्रॅक्टरांची पुढची चाकं उचलली, काळा धूर सरळ वर गेला. आमचा ट्रॅक्टर इंच इंच पुढे सरकत होता. मी ओरडत होतो. शेजारी बायकांच्या घोळक्यात ताई शेंगा सोलत बसल्या होत्या आणि एकदम त्यांचा हात थांबला. मला अजून काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं, इंजिनाच्या पोटातून हातोडी मारल्यासारखा आवाज, आधी सावकाश, नंतर भराभर, आणि मग धाडकन सगळं शांत. चाकं जाम झाली. वैऱ्याच्या ट्रॅक्टरनं विलासभाऊंना तसंच ओढत नेलं, मागं दोन खोल चर पडत गेले, आणि ते मांडवापाशीच संपले. सासऱ्यानं यंदाही पाय वर घेतले.

ताईंनी उरलेल्या शेंगा शेजारणीच्या ओटीत टाकल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चाल इंजेनर."

दुसऱ्या दिवशी हमीदभाईंनी इंजिन खालून उघडलं. गॅरेजात ते, मी, ताई आणि श्यामभाऊ एवढेच होतो. विलासभाऊ यायचे होते. सगळी बेअरिंगं चांगली होती, नुसती चांगली नाही, देखणी होती. फक्त तिसऱ्या पिस्टनच्या दांड्याचं वितळून शाफ्टला चिकटलं होतं. हमीदभाईंचा चेहरा पडला. एकच गेलं म्हणजे तिथं तेल पोचलं नाही, आणि तेल पोचलं नाही म्हणजे भोक साफ करण्यात त्यांची कसूर. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की मी हवा मारली होती, खुदा कसम मारली होती. मग त्यांनी तार घेतली आणि शाफ्टच्या त्या भोकात घातली. आतून काहीतरी कडक, काळं लागलं. खरवडलं तसं ते तुकड्यांनी तळहातावर पडलं. वरून जळलेलं, आतून लालसर. एक दाणा मात्र सबंध निघाला.

हमीदभाईंनी तो बोटानं उजेडात फिरवून पाहिला. मग अगदी हळू म्हणाले, "ताई, ये तो चावल है."

बाहेर एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

श्यामभाऊचं डोकं सगळ्यात आधी चाललं. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. तो म्हणाला, हे कोणाला सांगायचं नाही. बेअरिंगचा दोष नाही, आपल्या मालाचा दोष नाही. कचरा राहिला असं म्हणायचं, मिस्त्रीचं काम असतंच असं कधी कधी. हमीदभाईंचं नुकसान आपण भरून देऊ. वहिनी, तुमची पैजही मोडली नाही, बेअरिंग आपल्या मरणानं मेलंच नाही. आज हे लिहिताना जाणवतं की ज्या खुर्चीसाठी तो इतकी वर्षं कुरकुरला ती त्या क्षणी त्याला आयती मिळत होती आणि तो ती वहिनीला परत देत होता, दुकानाच्या नावासाठी. घर म्हणजे असंच असतं.

हमीदभाई मान खाली घालून हात पुसत होते. त्यांच्याकडे गल्लीतली निम्मी इंजिनं येत. कचरा ठेवणारा मिस्त्री अशी बोंब उठली की महिन्याभरात ती दुसरीकडे गेली असती. तरी ताईंना ते काही म्हणणार नव्हते.

ताईंनी श्यामभाऊला शटर वर करायला सांगितलं. तो हलला नाही तेव्हा त्यांनी मला सांगितलं. मी वर केलं. विलासभाऊ समोरून येतच होते, मागं गावातले चारपाच जण, आणि त्यांची चाल मी आता ताईंकडून शिकलेल्या विद्येनं ओळखू शकत होतो. ती लग्नाची नव्हती. त्यांनी आल्या आल्या हमीदभाईंच्या शर्टाला हात घातला.

"त्याले सोडा भाऊ," ताई म्हणाल्या. "अक्षता मी टाकल्या. दाने भोकात गेले, तेल अडलं, बेअरिंग गेलं. मिस्त्रीनं काम बराबर केलतं. हे पाहा, पुरावा."

आणि त्यांनी तो काळा दाणा विलासभाऊंच्या तळहातावर ठेवला.

विलासभाऊंना काय करावं ते कळेना. हमीदभाईंवर ओरडायची त्यांची तयारी होती, ताईंवरही ओरडले असते, पण अक्षतेवर ओरडायचं कसं. त्यांनी दाणा आधी फेकायला हात उचलला, मग विचार बदलून कपाळाला लावला. बरोबरच्या एका म्हाताऱ्यानं शंका काढली की देवाला वाहिलेल्या अक्षतेनं इंजिन बिघडेलच कसं, देवाची अशी काय चूक झाली.

"देवाची काई चूक नाही बाप्पा," ताई म्हणाल्या. "देव काय भोकं पाहत बसते का? पाहाले मी होतो ना तिथं."

कोणीतरी हसलं, आणि मग विलासभाऊही हसले, रडल्यासारखे. नवं बेअरिंग दुकानानं दिलं, शाफ्ट हमीदभाईंनी पुन्हा घासला आणि पुढच्या पूजेच्या वेळी मी भोकांत कापसाचे बोळे घालावेत असं सुचवलं. वऱ्हाडात कापसाला काय तोटा, असं मला वाटलं होतं. हमीदभाई माझ्यावर इतके ओरडले की कापसाचा धागा तेलात गेला तर काय होतं, हे मी जन्मात विसरणार नाही. शेवटी असं ठरलं की पूजा ट्रॅक्टरच्या नाकावर करायची आणि शाफ्टला लांबून नमस्कार.

त्या दिवशी गॅरेजातून परत येताना श्यामभाऊ सगळ्या रस्त्यानं वहिनीला समजावत होता. बेअरिंगचा दोष नव्हता, हे आता सगळ्यांना माहीत झालं, मग पैजेचा प्रश्नच कुठं येतो.

"बेअरिंग गेलं तं उठीन म्हनलं होतं. काहून गेलं तं उठीन, हे नोतं म्हनलं."

दुकानात येऊन त्यांनी खणाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. खुर्चीवरची गादी काढून घेतली, कारण गादी माहेरची होती. काउंटरला वळसा घालून त्या बाहेरच्या बाजूला आल्या. तिथं भिंतीला लागून गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक होता. त्यावर गादी टाकली आणि बसल्या. घरी जात नाही का, असं श्यामभाऊनं विचारलं असावं, कारण ताई म्हणाल्या की दुकानात येणार नाही असं बोलल्याचं त्यांना आठवत नाही.

पहिले काही दिवस गिऱ्हाइकं चाचरली. मग बाकाची रीत बसली. माणूस फडक्यातला तुकडा घेऊन आत येई, ताई बाकावर सरकून जागा करत, बस म्हणत, आणि तो बसला की सुटका नसे. पूर्वी मधे काउंटर तरी होता. आता त्या त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारत. चौकशी पूर्ण झाली की बसल्या जागेवरून मला ओरडून सांगत, इंजेनर, भाऊले मधली दे. गर्दीच्या दिवसांत सगळी गिऱ्हाइकं बाकाकडे तोंड करून उभी राहत आणि गल्ल्यावर बसलेल्या श्यामभाऊला फक्त त्यांच्या पाठी दिसत. पैसे घ्यायच्या वेळी त्याला हाका मारून लोकांना वळवावं लागे.

माझी नोकरीही त्या बाकानंच लावली. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एका कापडगिरणीचा माणूस कॉम्प्रेसरची बेअरिंगं न्यायला आला होता. ताईंनी त्याला बसवून घेतलं आणि अर्ध्या तासात त्याच्याकडून काढून घेतलं की त्यांचा देखभालीचा इंजिनीयर भांडून निघून गेला आहे. त्याच दमात माझं सगळं सांगितलं, पदवीपासून ते रागावलो की गप्प बसतो इथपर्यंत. मला जायचं नव्हतं. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या की तुझ्या बापानं कोथिंबीर काय बेअरिंगच्या दुकानासाठी वाटली होती का. हे त्यांना मी कधी सांगितलं होतं ते मला आठवेना. मी त्यांच्या पाया पडलो तर त्यांनी पाय वर घेतले आणि विलासभाऊंच्या सासऱ्याची नक्कल केली.

माझ्या शेवटच्या दिवशी दुकानात सुतार आला होता. श्यामभाऊनं त्याला बोलावलं होतं. आदल्या आठवड्यात, सोयाबीन काढणीच्या गर्दीत, तो दोनदा सगळ्यांसमोर म्हणाला होता की वहिनी, पुरे झालं, या आणि बसा आपल्या जागेवर. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. शब्द म्हणजे शब्द. मग तो तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

सुतारानं काउंटर एका बाजूनं कापला. खणाचं टेबल आतून उचललं, त्या फटीतून बाहेर आणलं आणि बाकाच्या उजव्या टोकाला, भिंतीशी ठोकून टाकलं. ताई बाकावरच बसून होत्या. ठोकताना त्यांना हलायलाही सांगितलं नाही कोणी. श्यामभाऊनं किल्ल्या खणाला लावल्या आणि आपली पिशवी घेऊन जिनिंगवाल्यांकडे निघून गेला.

ताईंनी खण ओढून पाहिला. सरळ निघाला. मग सुताराकडे वळून विचारलं, टेबल एवढं उंच काहून ठोकलं, बसल्या बसल्या हात पुरला पायजे ना.